गाठ काढली, मग हाडाचं इंजेक्शन कशाला?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. आईचं वय ५८. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तिच्या हाताला छातीत गाठ लागली. ‘एवढी छाटणी उरकू दे’ म्हणत तिने दोन महिने घरात कुणाला सांगितलं नाही. मग ऑपरेशन झालं. गाठ साधारण अडीच सेंटिमीटरची निघाली, काखेतल्या दोन गाठींत रोग होता, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोनवर पोसला जाणारा रोग, हर-टू प्रथिनावर चालणारा नव्हे). केमो झाली, लाईट (रेडिएशन) झाली. स्कॅनमध्ये हाडं, फुप्फुसं, लिव्हर सगळं साफ. तरी डॉक्टरांनी रोजची हार्मोनची गोळी आणि दर सहा महिन्यांनी हाडाचं इंजेक्शन लिहून दिलंय. मुलगा विचारतो: हाडात काही नाही तर इंजेक्शन कशाला? कॅन्सरच्या पेशी पोचायच्या आधीच गाठ लांबचे अवयव तयार करून ठेवते असं वाचलं, ते खरं का? खरं असेल तर ते त्या दोन महिन्यांत झालं असेल का? घरात आईची साखर आणि द्राक्षं बंद केली आहेत, ते बरोबर का? आणि आईचा स्वतःचा प्रश्न: बागेत कधी जाऊ?

नाशिकमध्ये केमोथेरपीचं काम करायला लागून मला वीसहून जास्त वर्षं झाली. यातला पहिला प्रश्न ओपीडीत रोज येतो आणि गर्दीच्या दिवशी आम्ही ‘हाडं मजबूत राहावीत म्हणून’ एवढं सांगून मोकळे होतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ते इंजेक्शन कॅन्सरच्या पेशींना मारायला दिलेलंच नाही. ते आईच्या हाडातल्या धडधाकट पेशींना दिलेलं आहे.

धडधाकट पेशींना औषध का, हे कळायचं तर तुमचा दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल.

१८८९ साली लंडनमधले सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. रक्त तर सगळ्या शरीरात फिरतं, मग रोग लिव्हरमध्ये एवढा सापडतो आणि प्लीहेत इतका क्वचित, असं का? त्यांनी दिलेलं उत्तर तुमच्या घरात कुणालाही पटेल: बी चारी दिशांना उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या जमिनीत. (स्तनाग्राच्या ज्या आजाराला पॅजेटचा आजार म्हणतात तो यांच्या वडिलांच्या, जेम्स पॅजेट यांच्या नावाचा. बाप-लेकांत आमचे विद्यार्थी आजही गल्लत करतात.) पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स युइंग यांनी वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते जमिनीचा प्रश्नच नव्हता, रक्तवाहिन्यांचा रस्ता नेईल तिथे पेशी अडकतात एवढंच. त्यांचंही अर्धं बरोबर होतं. आतड्याचा कॅन्सर आधी लिव्हरमध्ये जातो तो रस्त्यामुळेच. पण १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या मेलानोमाच्या (कातडीच्या एका कॅन्सरच्या) पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा २४ तासांनी हजारात एकसुद्धा धड जिवंत उरली नव्हती. रस्ता सापडून भागत नाही. उतरलेल्या ठिकाणी जगू देणारं कुणीतरी लागतं.

पॅजेट यांनी जमीन आहे तशी धरली होती. हलकी असेल, भारी असेल, पण आयती. गेल्या वीसेक वर्षांत त्यात मोठी भर पडली. बी पडायच्या आधीच गाठ लांबून जमिनीची मशागत करू शकते, असं दिसू लागलं.

याची सुरुवात झाली २००५ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या डेव्हिड लायडेन यांच्या प्रयोगशाळेत. उंदरांच्या अंगात गाठ वाढत होती आणि फुप्फुसात अजून एकही कॅन्सरची पेशी आलेली नव्हती. तरी फुप्फुसात ठरावीक ठिकाणी अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी घोळका करून बसलेल्या दिसल्या. या पेशी उंदराच्या स्वतःच्या, निरोगी. कॅन्सरच्या पेशी नंतर आल्या आणि नेमक्या त्याच ठिकाणी उतरल्या. याहून मला त्यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. मेलानोमाच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो पेशी काढून टाकलेला नुसता द्रव उंदरांना टोचला, आणि मग फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. या पेशी एरवी फुप्फुस सोडून फारशा कुठे जात नाहीत. त्या आता मेलानोमा जिथे जिथे जातो तिथे गेल्या. बी तेच होतं. बदलली होती ती जमीन, आणि ती बदलायला नुसतं धुवण पुरलं.

त्या धुवणात काय होतं? काही प्रथिनं सुटी असतात. आणि असतात अतिसूक्ष्म पिशव्या, त्यांना एक्झोसोम म्हणतात. आकार ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्या फक्त कॅन्सरच्याच असतात असं नाही. आपली प्रत्येक पेशी असे निरोप सोडत असते, शरीराचा तो रोजचा व्यवहार आहे. गाठ त्याच टपालातून आपली पत्रं घुसवते. २०१५ मध्ये याच गटाने दाखवलं की पिशवीवर कोणत्या जातीचं इंटेग्रिन हे प्रथिन आहे त्यावरून ती कुठे उतरणार ते बऱ्याच अंशी ठरतं. आल्फा-सिक्स बीटा-फोर असेल तर फुप्फुस, आल्फा-व्ही बीटा-फाइव्ह असेल तर लिव्हर. फुप्फुसाकडे जाणाऱ्या पिशव्या उंदरांना आधी देऊन ठेवल्या, तर एरवी हाडाकडे जाणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीही फुप्फुसात वाढू लागल्या.

आता ही पत्रं निरोगी पेशीला सांगतात तरी काय?

स्तनाच्या कॅन्सरबद्दलचं मला सगळ्यात ठसलेलं उदाहरण साखरेचं आहे. २०१५ मध्येच कॅलिफोर्नियातल्या एमिली वांग यांच्या गटाने दाखवलं की या पेशींच्या पिशव्यांमध्ये मिर-१२२ नावाचा मायक्रो-आरएनए भरलेला असतो. मायक्रो-आरएनए म्हणजे आरएनएचा एक चिमुकला तुकडा, जो दुसऱ्या पेशीत शिरून तिथलं एखादं प्रथिन बनणं मंदावतो. ही पिशवी फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्ट किंवा मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या निरोगी पेशींमध्ये शिरली की साखर वापरणारं पायरुव्हेट कायनेज हे एन्झाइम तिथे कमी बनतं. निरोगी पेशी साखर घेईनाशी होते. ती मरत नाही, आजारी दिसत नाही, फक्त कमी पिते. तिने न घेतलेली साखर आजूबाजूला शिल्लक राहते आणि मागून येणाऱ्या कॅन्सरच्या पेशीला मिळते.

पालखेड कालव्याचं आवर्तन सुटल्यावर काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. आवर्तनाचं पाणी मोजकं, टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, पोचेलच असं नाही. समजा कुणी रात्रीतून वरच्या शेतकऱ्यांना खोटी चिठ्ठी पाठवली की या खेपेला तुमची दारं बंद ठेवा. त्यांनी बिचाऱ्यांनी ठेवली. पाणी वाहत खाली गेलं आणि ज्याची तिथे जमीनच नाही अशा माणसाने रातोरात रोप लावलं. मिर-१२२ ती चिठ्ठी आहे. मला यात नेहमी वाटतं की दारं बंद करणाऱ्याला गद्दार म्हणता येणार नाही. तो आलेला हुकूमच पाळत होता.

त्याच गटाने एक वर्ष आधी दुसरी चिठ्ठी वाचली होती, मिर-१०५. ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे जाते. त्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, आणि मिर-१०५ त्या शिवणीतलं झेडओ-वन हे प्रथिन कमी करतं. वाहिनी पाझरू लागते आणि पेशींना बाहेर पडायला फट मिळते. याशिवाय ऑक्सिजन कमी पडलेली गाठ लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम सोडते. ते लांबच्या फुप्फुसातलं कोलॅजन, म्हणजे पेशींना आधार देणारं प्रथिन, ताठ करतं, आणि त्या ताठ जागी मज्जेतल्या पेशी येऊन चिकटतात. पुढे २०१५ मध्ये असं दिसलं की हेच एन्झाइम उंदरांच्या हाडात बारीक खड्डे पाडतं, कॅन्सरची पेशी तिथे यायच्या आत. त्या उंदरांना हाडाच्या इंजेक्शनच्या जातीचं औषध दिल्यावर खड्डे टळले. हा पुरावा हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह प्रकारातला आहे, आईचा प्रकार वेगळा. तो मी तिच्यावर जसाच्या तसा लावणार नाही.

आता हाडाकडे येते.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही. ते कायम मोडलं जातं आणि बांधलं जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट पेशींचं. त्या हाड खरवडतात. बांधण्याचं काम ऑस्टिओब्लास्टचं. दोघांचं गणित जुळलेलं असतं. खरवडायला कधी लागायचं हे बांधणारी पेशी रँक-लिगँड नावाच्या प्रथिनातून सांगते. स्तनाच्या कॅन्सरची पेशी हाडात पोचली की ती पीटीएच-आरपी नावाचं संप्रेरकासारखं प्रथिन सोडते. ते बांधणाऱ्या पेशीला जाऊन भिडतं, ती जास्त रँक-लिगँड करते, खरवडणाऱ्या पेशी वाढतात. हाड खरवडलं गेलं की त्यात मुरलेले वाढीचे घटक आणि कॅल्शियम मोकळं होतं, त्यातला टीजीएफ-बीटा मुख्य. तो खाऊन कॅन्सरची पेशी आणखी पीटीएच-आरपी सोडते. चक्र सुरू.

लक्षात घ्या, या सगळ्या फेऱ्यात कॅन्सरच्या पेशीने हाडाला स्वतः दात लावलेला नाही. हाड खाल्लं ते आईच्याच पेशीने, दुसऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणूनच उपाय त्या पेशीवर आहे. हाडाचं इंजेक्शन म्हणजे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ते हाडात जाऊन बसतं आणि खरवडणाऱ्या पेशीने ते हाडाबरोबर गिळलं की ती निकामी होते. चिठ्ठी आली तरी काम करणारा जागेवर नाही. डेनोसुमॅब नावाचं दुसरं औषध मधल्यामध्ये रँक-लिगँडच अडवतं.

हाडात काहीही सापडलेलं नसताना झोलेड्रोनिकच्या जातीचं औषध द्यायचं का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१५ मध्ये १८,७६६ बायकांच्या चाचण्या एकत्र मोजल्या गेल्या आणि बराचसा मिटला. पाळी गेलेल्या बायकांमध्ये दहा वर्षांत हाडात रोग परतण्याचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ वर आलं, आणि स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचं १८ टक्क्यांवरून १४.७ वर. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये असा फायदा स्पष्ट दिसला नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. औषध तेच, कॅन्सर त्याच घराण्यातला, पण इस्ट्रोजेन (पाळीच्या वयात जास्त असणारं स्त्री-हार्मोन) असलेलं हाड आणि इस्ट्रोजेन गेलेलं हाड ही दोन वेगळ्या मगदुराची जमीन आहे. आईची पाळी गेलेली आहे, शिवाय हार्मोनची गोळी उरलंसुरलं इस्ट्रोजेनही रोखते आणि हाड आणखी झिजवते. तेव्हा तिला हे इंजेक्शन देणं योग्यच आहे. मी असते तरी दिलं असतं.

फक्त पहिल्या इंजेक्शनआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. या औषधाने क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून कुजतं, आणि बहुतेकदा दात काढल्यानंतर. आपल्याकडच्या त्या वयाच्या बायकांची मिसरी सुटलेली नसते, हिरड्या खराब असतात, आणि ‘दातांचं नंतर बघू’ असं म्हणतात. नंतर नको, आधीच. किडनीचा रिपोर्ट आणि रक्तातलं कॅल्शियमही आधी बघायचं. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, त्याने घाबरून जाऊ नका.

इथे थोडं थांबून एक कबूल केलं पाहिजे. पिशव्या, चिठ्ठ्या, ताठ झालेलं कोलॅजन, यातलं बहुतेक उंदरांमध्ये आणि काचेच्या बशीत दिसलेलं आहे. माणसात ते जसंच्या तसं दाखवणं फार अवघड आहे. धडधाकट फुप्फुसाचा तुकडा कुठल्या बाईकडून मागणार? पेट स्कॅनलाही हे दिसत नाही. तो साखर जास्त खाणाऱ्या जागा दाखवतो, आणि इथे प्रश्न कमी पिणाऱ्या निरोगी पेशींचा आहे. त्यामुळे रक्तातले एक्झोसोम मोजून ‘कॅन्सर कुठे जाणार’ ते सांगतो म्हणणारं कुणी भेटलं, किंवा एक्झोसोमच्या नावाने सलाईन विकणारं, तर पैसे खिशातच ठेवा.

आणि जमीन बदलली म्हणजे पीक आलंच असंही नाही. हा भाग ऐकीव माहितीत गळून पडतो. २००५ मध्ये ४,७०३ रुग्णांच्या अस्थिमज्जेच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. रोग लवकरच्या टप्प्यात असताना ३०.६ टक्के बायकांच्या मज्जेत कॅन्सरच्या सुट्या पेशी होत्या. यांच्यात रोग परतण्याचा धोका जास्त होता हे खरं, पण त्या सगळ्यांना पुढे हाडाचा रोग झाला नाही. पेशी पोचल्या आणि नुसत्या पडून राहिल्या. त्यांना कुणी पाडून ठेवलं? तिथल्याच निरोगी पेशींनी. स्थिर रक्तवाहिनीचं अस्तर थ्रोम्बोस्पॉन्डिन-वन नावाचं प्रथिन सोडतं, त्याच्या शेजारी कॅन्सरची पेशी झोपून राहते. वाहिनीला नवे फुटवे फुटायला लागले की त्या टोकाशी हा पहारा ढिला पडतो. म्हणजे लांबच्या अवयवातल्या पेशी कटात सामील होतात तशाच त्या राखणही करतात, आणि बहुतेक वर्षं राखणच चालू असते.

सुप्त डोळा, म्हणजे काडीवरचा अजून न फुटलेला कोंब, काय असतो हे द्राक्षवाल्याला मी काय सांगू. माझ्या माहेरी दिंडोरीकडे बाग होती, वडील छाटणीनंतर काडीवरचे डोळे बोटाने दाबून बघायचे. डोळा जिवंत असतो, आत सगळं तयार असतं, तरी तो आपणहून एकसारखा फुटत नाही, म्हणून तर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं, म्हणजे डोळ्यांना त्याचा लेप लावायचा. कॅन्सरच्या झोपलेल्या पेशीला तसं पेस्टिंग कोण करतं, यावर सध्या बरंच काम चालू आहे. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं की तंबाखूच्या धुराने फुप्फुसाला सूज आली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएची जाळी टाकतात, जाळीतली एन्झाइमं लॅमिनिन या प्रथिनाचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांनी झोपलेल्या पेशी जाग्या होतात. २०२५ मध्ये इन्फ्लुएन्झा आणि कोविडच्या विषाणूंबद्दलही असंच दिसलं. संसर्गानंतर दोन आठवड्यांत उंदरांच्या फुप्फुसातल्या सुप्त पेशी झपाट्याने वाढल्या, आणि त्यात आयएल-सिक्स या सुजेच्या रेणूचा हात होता. याच्या जोरावर मी कुणाला घाबरवणार नाही. पण घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने ती आईपासून लांब ठेवावी, आणि तिला दर वर्षी फ्लूची लस द्यावी. दोन्ही गोष्टी तशाही करायच्याच आहेत.

रोजची हार्मोनची गोळी इतकी वर्षं का, याचंही उत्तर या झोपेत आहे. २०१७ मध्ये ६२,९२३ बायकांचा हिशेब निघाला. सगळ्यांचा हार्मोन पॉझिटिव्ह रोग, सगळ्यांनी पाच वर्षं गोळी घेतलेली, पाचव्या वर्षी सगळ्या बऱ्या. तिथून पुढे विसाव्या वर्षापर्यंत रोग लांब कुठेतरी परतत राहिला. गाठ लहान आणि काख साफ असलेल्यांत साधारण १३ टक्के, गाठ मोठी आणि काखेत बऱ्याच गाठी असलेल्यांत ४१ टक्क्यांपर्यंत. आई या दोन टोकांच्या मधे येते. ‘बरं वाटतंय म्हणून बंद केली’ ही त्या गोळीची सगळ्यात मोठी अडचण आहे. सांधे दुखतात म्हणून बंद करावीशी वाटली तर डॉक्टरांशी बोला, गोळी बदलता येते.

आता त्या दोन महिन्यांचं. हा प्रश्न तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर टाकलाय, पण पहिला तोच आहे असं मला वाटतं.

एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी धरतात. एका पेशीपासून तिथवर यायला दुपटीच्या तीसेक फेऱ्या लागतात, आणि हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत एकेका दुपटीला महिने जातात. हाताला लागण्याआधी ती गाठ कित्येक वर्षं तिथे होती. पिशव्या सोडायला तिने आईच्या हाताची वाट पाहिली असेल का? जो काही निरोपांचा व्यवहार झाला असेल त्याचा मोठा वाटा तुम्हाला, तिला, कुणालाच कळायच्या आधीचा आहे. उशीर चांगला नाहीच, आठवड्यांनीही फरक पडतो, आणि पुढच्या बाईने छाटणी सोडून आधी दवाखाना गाठावा. पण तिचं पुढचं आयुष्य त्या दोन महिन्यांवर टांगू नका. तिच्यासमोर तर तो विषयही काढू नका. ती स्वतः रोज काढत असेल.

याच संदर्भात गावाकडे एक समज आहे की सुरी लागली की पसरतं. त्यापायी बायोप्सीलाही नको म्हणणारे मी दर महिन्याला पाहते. ऑपरेशनची वेळ शरीराच्या दृष्टीने अगदी शांत नसते एवढं त्यात तथ्य आहे, आणि त्यावर आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयाने फार सुंदर काम केलं. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने देशातल्या अनेक केंद्रांमधल्या सुमारे १,६०० बायकांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दात काढताना देतात त्याच बधिरीकरणाचं इंजेक्शन दिलं. २०२३ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. काही रुपयांचं औषध. सुरी टाळली नाही, सुरीच्या आधी आसपासच्या पेशींना गप्प केलं. त्याच गटाचा २०१५ चा दुसरा अभ्यास उलट्या बाजूचा आहे. रोग आधीच लांब पसरलेल्या ३५० बायकांमध्ये मूळ गाठ काढून आयुष्य वाढलं नाही. लांबच्या वस्तीचा कारभार एकदा तिचा तिचा चालू झाला की मूळ घर पाडून तो थांबत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. तुमच्या आईची वेळ त्या आधीची होती. म्हणून तिचं ऑपरेशन मोलाचं.

साखर आणि द्राक्षं. मिर-१२२ चं वाचून कुणालाही वाटेल की साखर बंद केली की प्रश्न मिटला. तसं होत नाही. रक्तातली साखर तोंडातून आली नाही तर लिव्हर बनवतं, ती पातळी शरीर सोडत नाही. तिथे भांडण साखर किती आली याचं नव्हतं, कुणी घेतली याचं होतं. केमोनंतर बायका आधीच अशक्त असतात, त्यात घरचे दूध, फळं, भात एकेक करून काढून घेतात आणि वजन उतरतं. आईला मधुमेह नसेल तर द्राक्षं खाऊ द्या. असेल तर मोजून खाऊ द्या. फक्त बागेतून तोडली तशी नकोत, नीट धुऊन. वजन मात्र वाढू देऊ नका, कारण पाळी गेल्यावर अंगातली चरबीच इस्ट्रोजेन बनवते आणि आपण गोळी देतो ती तेच थांबवायला.

राहिला तिचा प्रश्न. बागेत जाऊ द्या. चालणं, ऊन, हाडांवर येणारा भार, तिला तिघांचीही गरज आहे. पाठीत किंवा कंबरेत नवीन दुखणं सुरू झालं, रात्री झोपू देत नसेल आणि दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही, तर ‘कामाने दुखतंय’ म्हणून बाम चोळत बसू नका, दाखवा. पायात अचानक कमजोरी आली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला ओरखडा, कात्रीचा चिरा, काटा लागू देऊ नका. काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात सुजू शकतो आणि जखम चिघळू शकते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालूनच काम. विरळणी, डिपिंग, मण्यांची निवड, बसून करायचं काही असेल ते खुशाल करू दे. काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायचं काम मात्र तिला देऊ नका. आणि उघड्या हाताने ते बागेत कुणालाच करू देऊ नका, हे औषध कातडीला फार वाईट आहे.